पंजा बकेटवर बसवायचा की वेगळा घ्यायचा?

कापसाची शेवटची वेचणी उरकली की जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, काढायची घाई सुरू होते. फरदड (शेवटच्या वेचणीनंतर त्याच झाडांवर घेतलेलं जादा पीक) घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात ठेवू नका, नाहीतर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात जाईल, असं कृषी विभाग दरवर्षी बजावतो. रावेर, यावल, चोपड्याकडे कापणी झालेल्या केळीबागेतले खांब बाहेर काढायचे असतात. गिरणेच्या आणि पांझरेच्या काठी पडीक रानात वेडी बाभूळ माजलेली असते. या तिन्ही मालांची खोड एकच: लोडरच्या साध्या बकेटमध्ये ते टिकत नाहीत. पऱ्हाट्या भरून लोडर बांधाकडे निघाला की निम्म्या वाटेतच सांडतात. केळीचा खांब गोल, तो घरंगळतो. बाभळीचं झुडूप बकेटच्या तोंडावर नुसतं तरंगत राहतं.

म्हणून पंजा, म्हणजे ग्रॅपल: माल जबड्यात दाबून धरणारं अवजार. स्किड स्टीअर, म्हणजे आपण सरसकट बॉबकॅट म्हणतो तो छोटा लोडर ज्याच्याकडे आहे, त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, अख्खा वेगळा पंजा घ्यायचा, ज्याचा खालचा आणि वरचा जबडा कारखान्यातूनच एकत्र येतो. काम असेल तेव्हा बकेट काढून तो लावायचा. दुसरी, आहे त्याच बकेटच्या मागच्या वरच्या काठावर एक किंवा दोन नख्या बसवायच्या. त्यांना स्वतःचा छोटा हायड्रॉलिक सिलिंडर असतो, बकेट हाच खालचा जबडा होतो. माल उचलायच्या फोर्कवरही अशा नख्या बसतात. दुसरी वाट स्वस्त, आणि बकेट बदलायची कटकट नाही, त्यामुळे पहिलं मन तिकडेच जातं. माझं मत विचाराल तर सुट्या, हलक्या, माती नसलेल्या मालासाठी ही वाट उत्तम आहे. मुळासकट, मातीसकट येणाऱ्या मालासाठी ती महाग पडते, कारण पैसे नख्यांना कमी आणि फाटलेल्या बकेटला जास्त लागतात.

हे यंत्र मुळात कशासाठी जन्मलं ते लक्षात ठेवलं तर पुढचा हिशेब सोपा जातो. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या रॉथसे गावी सिरिल आणि लुईस केलर या भावांनी १९५७ साली टर्की कोंबड्यांच्या शेडमधली घाण काढण्यासाठी तीन चाकांचा लहान लोडर बनवला. अरुंद जागेत जागच्या जागी वळावा, ही गरज होती. पुढे मेलरो कंपनीने ती कल्पना घेतली, १९६० साली चार चाकांचं एम-४०० आलं आणि १९६२ पासून बॉबकॅट हे नाव लागलं. जागच्या जागी वळायचं म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत अंतर कमी हवं. अंतर कमी म्हणजे तोल राखायला जागाही कमी. पंजा घेताना सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच.

पुस्तिकेतला आकडा आणि खरा आकडा

दुकानात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “भाऊ, हाई कितलं वजन उचलस?” आणि विकणारा पंज्याचा आकडा सांगतो. पंजा दोन टन धरू शकतो हे खरंही असेल. पण पंजा फक्त धरतो, उचलतो लोडर.

लोडरच्या पुस्तिकेत रेटेड ऑपरेटिंग कपॅसिटी, म्हणजे सुरक्षितपणे उचलायचं वजन, नावाचा आकडा असतो. चाकांच्या स्किड स्टीअरला तो उलटण्याच्या वजनाच्या निम्मा धरतात. म्हणजे पुस्तिकेत ७०० किलो लिहिलं असेल तर साधारण १४०० किलोला मागची चाकं उचलली जातात. रबरी पट्ट्यांच्या, म्हणजे ट्रॅकवाल्या यंत्राला हाच आकडा उलटण्याच्या वजनाच्या ३५ टक्के धरायची पद्धत आहे. त्यामुळे चाकवालं आणि ट्रॅकवालं यंत्र शेजारी उभं करून आकड्यांची तुलना करू नका.

हा आकडा बहुधा कंपनीची साधी बकेट लावून मोजलेला असतो. त्यावर जे काही चढवाल ते त्यातून वजा. समजा नख्या, ब्रॅकेट, सिलिंडर, होज (तेलाची रबरी नळी) मिळून ९० किलो झाले. उरले ६१० किलो. वेगळा पंजा ३८० किलोचा आणि काढलेली बकेट २०० किलोची असेल तर १८० किलो जास्तीचे, उरले ५२०. वजनाच्या बाबतीत बकेटवरच्या नख्यांची बाजू वरचढ ठरते ती अशी.

पण गोष्ट इथे संपत नाही. वजन किती यापेक्षा ते पुढच्या चाकापासून किती लांब आहे, हे जास्त महत्त्वाचं. बैलगाडीत माल मागे भरला की गाडी उलळते, पोती तेवढीच असतात. तसंच इथे. समजा बकेटमधल्या मालाचा मध्य पुढच्या आसापासून १.२ मीटरवर असताना ७०० किलो चालतात. दोन्हींचा गुणाकार ८४०. आता पंज्यात धरलेली बाभळीची फांदी पुढे लोंबते आहे आणि तिचा मध्य १.५ मीटरवर गेला. ८४० मधून नख्यांच्या ९० किलोंचा वाटा, म्हणजे १०८, काढा. उरले ७३२. त्याला १.५ ने भागा: ४८८ किलो. पुस्तिकेतले सातशे प्रत्यक्षात पाचशेच्या आत आले. खड्डा लागला, यंत्र हबकलं की याहून कमी.

याच कारणाने उतारावर एक नियम पाळतात: यंत्राची जड बाजू चढाकडे. रिकाम्या लोडरचं बहुतेक वजन मागे असतं, म्हणून रिकामा असताना चढावर उलटा जायचा. पंजा भरलेला असेल तर सरळ चढायचा आणि उतरताना रिव्हर्सने यायचं. तापीकाठच्या नाल्या-घळींत काम करणाऱ्या ऑपरेटरला हे शिकवल्याशिवाय पंजा हातात देऊ नये.

माल कोणता, त्यावर जबडा

पऱ्हाटीचा प्रश्न वजनाचा नाहीच. ती हलकी आणि उसळणारी असते. ढीग दाबला की दबतो, सोडला की पुन्हा फुगतो. त्यामुळे नख्या किती जोरात दाबतात यापेक्षा तोंड किती उघडतं ते बघा. बकेटच्या पुढच्या पातीपासून नखीच्या टोकापर्यंत मीटरभर तरी उघडावं, नाहीतर प्रत्येक फेरीत कवळाभरच माल येतो. पऱ्हाट्या एकमेकींत अडकतात, म्हणून नख्यांमधलं अंतर थोडं जास्त असलं तरी गळत नाहीत. बकेटवरचा पंजा इथे अगदी योग्य आहे. (खरं तर कुट्टी यंत्राने पऱ्हाटी जागेवरच बारीक करून मातीत घालणं जमत असेल तर पंज्याचा खर्चच कशाला, हाही विचार करून बघावा.)

केळीचं गणित निराळं. खांब जवळपास नव्वद टक्के पाणीच. बाहेरून दांडगा दिसतो, पण आतून स्पंजासारखे पापुद्रे. टोकदार नखी जोराने दाबली की ती खांबात घुसते, खांब मधेच तुटतो आणि निम्मा खाली पडतो. इथे रुंद, बोथट नखी आणि बेताचा दाब हवा. शिवाय खांब कधी सारखे रचलेले नसतात. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला एक. मधोमध एकच रुंद नखी असेल तर ती जाड बाजूला टेकून थांबते आणि पातळ बाजू मोकळीच राहते. दोन स्वतंत्र नख्या, दोन स्वतंत्र सिलिंडर असतील तर असं होत नाही. तेल नेहमी कमी अडथळ्याकडे जातं. एक नखी मालाला टेकून थांबली की तेल दुसरीकडे वळतं, तीही टेकेपर्यंत सरकते आणि मग दोन्हीकडे दाब सारखा चढतो. यासाठी वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही, दोन्ही सिलिंडर एकाच लाइनवर जोडले की झालं.

बागेत शिरण्याआधी ठिबकच्या नळ्या गुंडाळून बाजूला घ्याव्यात हे कुणाला सांगायची गरज नाही, तरी दरवर्षी कुठे ना कुठे पंज्याने खांबाबरोबर लॅटरल ओढलेली दिसते. मृगबाग आणि कांदेबाग (वेगवेगळ्या हंगामांत लावलेल्या केळीबागा) शेजारी असतील तर जास्तच जपावं लागतं, कारण शेजारच्या उभ्या बागेचं पाणी त्याच सबमेनवरून, म्हणजे नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या पाइपवरून, जात असतं.

बाभूळ आणि गड्ड्यासकट काढलेली केळी यांच्याबरोबर माती येते, आणि आपली काळी माती सहज सोडत नाही. बकेटचा तळ बंद, त्यामुळे ती सगळी माती बकेटमध्ये बसते. चार खेपांत शेताचा वरचा कसदार थर बांधावर जाऊन पडतो आणि प्रत्येक खेपेत दोन-अडीचशे किलो चिखल फुकट वाहिला जातो. वरच्या हिशेबातल्या ४८८ मधून तेही वजा करा. अशा मालाला तळालाच दात असलेला वेगळा पंजा लागतो, ज्याला रूट ग्रॅपल म्हणतात. उचलून दोन झटके दिले की माती दातांतून गळते. वर्षातला निम्म्याहून जास्त वेळ बाभूळ आणि मुळंच काढायची असतील तर बकेटवरच्या नख्यांच्या नादी लागू नका.

एमआयडीसीतलं भंगार किंवा पाइपांचे गठ्ठे हा अजून वेगळा प्रकार. लांब पाइप बकेटमध्ये आडवे मावत नाहीत, त्यांना फोर्कवरच्या नख्या बऱ्या.

तेल आणि दाब

लोडरच्या पुढच्या हातावर जादा हायड्रॉलिकच्या दोन लाइन असतात. पंज्याला त्या दोनच लागतात: एक बंद करायला, एक उघडायला. मोटर असलेल्या अवजारांना लागणारी तिसरी बारीक लाइन इथे नको. विक्रेता हाय फ्लोचं, म्हणजे जास्त तेल सोडणारं, यंत्र गळ्यात मारू बघत असेल तर हा हिशेब पुढे ठेवा. ५० एमएम बोअरचा (आतल्या व्यासाचा), २५ सेंटीमीटर स्ट्रोकचा (दांडा सरकायच्या अंतराचा) सिलिंडर भरायला सुमारे अर्धा लिटर तेल लागतं. दोन सिलिंडर म्हणजे एक लिटर. बहुतेक साध्या लोडरचा जादा फ्लोही मिनिटाला ६० लिटरच्या पुढे असतो, म्हणजे सेकंदाला एक लिटर. पंजा एका सेकंदात मिटतो! याहून वेगाने मिटवून करायचं काय? उलट तो इतका आपटतो की लाइनमध्ये बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर टाकून त्याला सावकाश करावं लागतं. हाय फ्लो लागतो मल्चर (झुडपं बारीक करणारा), ट्रेंचर (चर खणणारा) यांसारख्या सतत फिरणाऱ्या अवजारांना.

आता जोर. ५० एमएम बोअरचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटीमीटर. २०० बार दाबाला तो सिलिंडर सुमारे चार टन जोराने ढकलतो. कॅटलॉगात हाच आकडा ठळक छापतात. पण नखीच्या टोकाला चार टन पोचत नाहीत. सिलिंडर नखीला तिच्या मुख्य पिनपासून १५ सेंटीमीटरवर धरतो आणि टोक ७५ सेंटीमीटरवर असतं, तर टोकाला पाचवा हिस्सा, म्हणजे ८०० किलो मिळतात. आपल्या मालाला तेवढे भरपूर झाले. म्हणून ६५ एमएमचा सिलिंडर आहे म्हणून पंजा भारी, असं समजू नका. तो जोर कुणाच्या अंगावर येतो ते बघा. तो येतो बकेटच्या मागच्या पत्र्यावर.

बकेट फाटते कुठे

बकेटचं सगळं बळ खालच्या पातीला आणि बाजूच्या पत्र्यांना दिलेलं असतं. मागचा वरचा काठ माल सांडू नये एवढ्यासाठी असतो. नखी मालावर दाबली की ब्रॅकेट तो काठ मागे उचकटायला बघतो. तिथे नुसता चार बोल्टांचा ब्रॅकेट ठोकला तर पत्रा पहिल्याच हंगामात लाटेसारखा वळतो, मग बोल्टांची भोकं लांबट होतात, मग वेल्डिंगच्या कडेने चीर जाते. बघायला सोपं आहे: वापरलेली बकेट घेताना काठाला डोळा लावून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघा. काठ सरळ रेषेत नसेल तर तिने मार खाल्लाय.

इलाज म्हणजे बकेटच्या पूर्ण रुंदीभर मागच्या काठाला जाड पाइप किंवा बॉक्स सेक्शन, ज्याची दोन्ही टोकं बाजूच्या पत्र्यांना भिडली आहेत. नख्यांचे ब्रॅकेट त्या पाइपवर, आणि ब्रॅकेटखाली चार सूत (अर्धा इंच) जाडीची पट्टी मागच्या पत्र्यावरून खाली उतरवलेली. पट्टीचे कोपरे गोल करून घ्या, चीर नेहमी टोकदार कोपऱ्यातून सुरू होते. वेल्डिंगचा ६०१३ चा साधा रॉड इथे चालणार नाही. ७०१८ चा, आणि तोही भट्टीत सुकवलेला वापरा. पावसाळ्यात उघड्या पुड्यातला दमट ७०१८ वापरला तर तो रॉड वापरण्यात काही अर्थ उरत नाही.

एक गोष्ट मात्र घासाघीस न करता पाळा. वेल्डिंग बकेट लोडरवरून उतरवून करा. नाहीच जमलं तर बॅटरीची वायर काढा आणि अर्थिंगचा क्लॅम्प बकेटलाच लावा. क्लॅम्प चेसिसला लावला तर करंट पिन, बेअरिंग आणि कंट्रोलरमधून जातो.

तयार पंजा घेत असाल तर मागची प्लेट आपल्या लोडरला बसते का ते बघा. बहुतेक कंपन्यांची झटपट जोडणी आयएसओ २४४१० या एकाच मापाची असते, पण फार लहान आणि काही जुन्या यंत्रांची वेगळी असते. खालच्या दोन खुंट्या भोकांतून पूर्ण बाहेर आलेल्या डोळ्यांनी दिसल्या पाहिजेत.

नख्या बसवल्यावर पैसे देण्याआधी तीन ठिकाणी तपासा, आणि हे सगळं अगदी हळू. बकेट जमिनीवर असताना नखी पूर्ण उघडा. मग बकेट पूर्ण मागे ओढा आणि नखी उघडीच ठेवा. ती लोडरच्या हातांना किंवा मधल्या आडव्या पाइपला लागते का? मग हात पूर्ण वर, बकेट ओतायच्या स्थितीत. उघडी नखी ट्रॉलीच्या फाळक्यावरून (बाजूच्या फळीवरून) जाते का? हातांची चाल गोलाकार असलेले लोडर पूर्ण उंचीला माल मागे खेचतात, तिथे फाळका आडवा येतो. ट्रॉली भरणं हेच मुख्य काम असेल तर सरळ वर जाणाऱ्या हातांचा लोडर बरा. होज या तिन्ही स्थितींत ताणला जाऊ नये आणि चिमटूही नये. बाभळीत काम असेल तर होजवर जाड कापडी म्यान आणि सिलिंडरच्या दांड्यावर पत्र्याचं झाकण हवंच. दांड्याला एक ओरखडा पडला की तो प्रत्येक फेरीला सील कापतो.

काट्यांवरून आठवलं: टायर. बाभळीत हवेचा टायर टिकवणं कठीण, फोम भरलेला किंवा भरीव टायर घ्या. आणि केबिनच्या तोंडाला पॉलीकार्बोनेटचा दरवाजा. वरचा पिंजरा डोक्यावर पडणाऱ्या वस्तूपासून वाचवतो, समोरून आत घुसणाऱ्या फांदीपासून नाही. ओंडका उंच धरून बकेट जास्त मागे ओढली तर तो हातांवरून घरंगळत केबिनवर येतो, म्हणून माल नेताना जमिनीलगतच ठेवायचा.

ऊन

आपल्याकडचा एक खास त्रास उन्हाचा. भुसावळ, जळगावला एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पंजा सोडून उन्हात ठेवला की होजमध्ये अडकलेलं तेल फुगतं. बाहेर जायला वाट नाही, मग दाब एवढा चढतो की दुपारी कपलर (होज जोडायचं तोंड) लागतच नाही. ऑपरेटर हातोडी घेतो आणि कपलरचं तोंड खराब करतो. यावर उपाय पंजा सोडतानाच करायचा असतो: पंजा जमिनीवर टेकवून मिटवा, इंजिन बंद, चावी चालू, जादा हायड्रॉलिकचं बटण दोन्हीकडे चार-पाचदा दाबा, मग कपलर काढा आणि पंजा सावलीत, नाहीतर निदान होजवर ओलं गोणपाट टाकून ठेवा. तरीही दाब अडकलाच तर सकाळी गार असताना जोडा. नाइलाज असेल तर सिलिंडरकडचा नट कापड गुंडाळून अगदी पाव आटा सैल करा, तोंड बाजूला ठेवून. गळती शोधायला हात कधीही फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. सुईच्या छिद्रातून येणारं तेल कातडीत घुसतं, वरून फक्त ठिपका दिसतो, पण तो ठिपका घेऊन लगेच दवाखान्यात जावं लागतं.

वापरलेला पंजा मिळत असेल तर नखीचं टोक हाताने दोन्ही बाजूंना हलवून बघा. टोकाला बोटभर खेळ म्हणजे पिन आणि बुश (पिनभोवतीचं कडं) दोन्ही गेले. ते टर्नरकडून बनवून मिळतात, तेवढी रक्कम भावातून कमी करून घ्या. प्रत्येक पिनला ग्रीसचं निप्पल आहे ना? नसेल तर भोक पाडून बसवता येतं. नवा बनवून घेत असाल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून कागदावर लिहून घ्या: पिनचा व्यास, बुशचं माप, सिलिंडरचा बोअर, दांड्याची जाडी आणि सीलचा नंबर. स्थानिक बनावटीच्या सिलिंडरला कंपनीचा किट नसतो, आणि ऐन पऱ्हाट्यांच्या दिवसांत सील गेलं तर माप हातात असलेला माणूस त्याच दिवशी दुकानातून ते आणू शकतो.